अमेरिकेने यादवीनंतर खरंच शेती सोडली का?

कापूसकोंड्या
मंडळी, बरेच महिने वाचनमात्र होतो, आज धागा काढायचं कारण म्हणजे लेकीचा शाळेचा प्रोजेक्ट. ती सातवीत आहे, इकडे शिकागोजवळ, आणि विषय मिळालाय की यादवी युद्धानंतर (१८६१-६५, उत्तरेची राज्यं विरुद्ध दक्षिणेची) अमेरिका शेतीकडून उद्योगाकडे कशी गेली. तिच्या पुस्तकात एक बाण काढलाय, डावीकडे नांगर, उजवीकडे धुराडं आणि मधे १८६५. मी म्हटलं हे जरा जास्तच गुळगुळीत वाटतंय, आणि बसलो वाचत. आता प्रोजेक्ट राहिला बाजूला आणि बायको म्हणते नाव पण तुझंच घाल.

तर पहिला धक्का. १८६० साली अमेरिकेत शेतं होती साधारण २० लाख. १९०० साली? ५७ लाख! म्हणजे ज्या चाळीस वर्षांत देश "शेती सोडून" कारखान्यात गेला म्हणतात त्याच चाळीस वर्षांत शेतं जवळजवळ तिप्पट झाली. टक्केवारीत घट आहे, ते खरं. युद्धाच्या वेळी काम करणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त लोक शेतीत होते, शतक संपता संपता ते ४० टक्क्यांच्या आसपास आले. पण शहरात राहणारे निम्म्याच्या वर जायला १९२० ची जनगणना उजाडावी लागली, म्हणजे युद्ध संपून ५५ वर्षं. एका बाणात हे बसत नाही.

दुसरं म्हणजे खरी गंमत युद्धानंतर नाही, युद्ध चालू असताना झाली. दक्षिणेची राज्यं फुटून निघाली तसे त्यांचे खासदारही काँग्रेसमधून (म्हणजे इकडच्या संसदेतून) उठून गेले, आणि वर्षानुवर्षं त्यांनी अडवून धरलेली बिलं उत्तरेने १८६२ च्या मे ते जुलैमधे धडाधड पास केली. १५ मेला कृषी खातं. २० मेला होमस्टेड कायदा, म्हणजे पाच वर्षं राहून कसा आणि १६० एकर घ्या. १ जुलैला पॅसिफिक रेल्वेचा कायदा. २ जुलैला मॉरिल कायदा, ज्याच्यातून राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्या विकून शेतकी आणि यंत्रविद्येची कॉलेजं निघाली. दीड महिना हो फक्त. एकीकडे व्हर्जिनियात माणसं मरतायत आणि दुसरीकडे हे. त्याच्या आधी १८६१ लाच आयातीवर जकात वाढवलेली, ती पुढे शतक संपेपर्यंत कमीजास्त होत राहिली पण कर लागणाऱ्या मालावर बहुतेक वेळा ४० टक्क्यांच्या वरच. आता मला सांगा, चारातले अडीच कायदे तर शेतीचेच आहेत.

आणि शिकागो. मी राहतो तिथून तासाभरावर युनियन स्टॉकयार्डची जुनी दगडी कमान अजून उभी आहे. हे यार्ड उघडलं १८६५ च्या नाताळच्या दिवशी, युद्ध संपून आठ महिने झाले होते. सगळ्या पश्चिमेची गुरं-डुकरं रेल्वेने इथे यायची, वर लोखंडी पट्टीला टांगलेलं धड सरकत जायचं आणि प्रत्येक माणूस उभ्या जागी एकच काप मारायचा. पुढे फोर्डने मोटारीची असेम्ब्ली लाइन काढली तेव्हा कल्पना शिकागोच्या खाटीकखान्यावरून आली असं त्यानेच लिहून ठेवलंय. चरबीचा साबण, हाडाचं खत, खुरांचा डिंक, केसांचे ब्रश. डुकराची किंकाळी सोडून सगळं विकलं जातं अशी इकडे म्हणच होती. तर हा कारखाना म्हणायचा की शेती? गहू कापायचं मॅकॉर्मिकचं यंत्र पण शिकागोतच बनायचं आणि ते खपलं खरं युद्धात, कारण तरणी पोरं फौजेत आणि पीक उभं.

माझं म्हणणं एवढंच, अमेरिकेने शेती सोडून उद्योग धरला नाही, शेतीच्याच पोटातून उद्योग काढला. आणि जिथे तो निघाला नाही, म्हणजे दक्षिणेत, तिथे का निघाला नाही हा जास्त इंटरेस्टिंग प्रश्न आहे. बोला.

तिरकस_वाणी
शीर्षक वाचून वाटलं जिलबी असणार, पण निघाली पुरणपोळी. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

शंका_येते_बुवा
लेख आवडला, पण एक शंका. युद्धामुळे उद्योग आले हे तरी खरं आहे का? १८६० लाच देशातल्या कारखान्यांच्या मालाचे दहातले नऊ हिस्से उत्तरेत बनत होते. मॅसॅच्युसेट्समधे लोवेलच्या कापड गिरण्या १८२० च्या दशकातल्या, म्हणजे युद्धाच्या चाळीस वर्षं आधीच्या, आणि त्यात कापूस कुठला तर दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला. काही अर्थतज्ज्ञ तर म्हणतात की युद्धाच्या दशकात उत्पादन वाढीचा वेग उलट मंदावला. सहा-साडेसहा लाख माणसं मेली (नवीन अंदाज तर साडेसात लाखाचा आहे), ती काय फुकट मेली का, ती सगळी कामाच्या वयाची होती.

कापूसकोंड्या
@शंका_येते_बुवा, मान्य, एकदम मान्य. गोळीबाराने कारखाने उगवत नाहीत. मी म्हणतो ते कायद्यांबद्दल. युद्धाने सत्ता कोणाच्या हातात गेली हे बदललं. आधी सत्तर वर्षं दक्षिणेचे मळेवाले दिल्लीत, आपलं वॉशिंग्टनमधे, वजन राखून होते आणि त्यांना जकात नको होती कारण कापूस विकायचा इंग्लंडला आणि माल घ्यायचा इंग्लंडचा. ते गेले आणि गिरणीवाले, रेल्वेवाले, बँकवाले बसले. १८६३ चा नॅशनल बँकिंग कायदा पण त्यातलाच.

एरीकाठची
मी क्लीव्हलंडची, म्हणून रॉकफेलरबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. त्याची स्टँडर्ड ऑइल कंपनी इथे १८७० ला निघाली आणि दहाएक वर्षांत देशातल्या तेलशुद्धीकरणातला ९० टक्के धंदा तिच्या हातात. मोटारी नव्हत्याच तेव्हा, विकायचे ते दिव्याचं तेल. रेल्वेशी गुपचूप सूट ठरवायची आणि बाकीच्यांना उपाशी मारायचं. अवांतर, आपण ज्याला रॉकेल म्हणतो तो शब्द रॉक ऑइलवरून आलाय, आणि ते सुरुवातीला अमेरिकेतूनच डब्यात भरून आपल्याकडे यायचं. आज्जी रॉकेलचा डबा म्हणायची तेव्हा तिला कुठे माहिती की हे आमच्या गावचं प्रकरण आहे!

पण मूळ मुद्द्यात एक गोष्ट राहिली कापूसकोंड्या. १६० एकर फुकट, ते कोणाचे? रिकामी जमीन नव्हती ती. मूळ रहिवाशांना करार करून, करार मोडून, फौज घालून हटवलं आणि मग वाटली. रेल्वे कंपन्यांना केंद्र सरकारने दिलेली जमीनच १३ कोटी एकर. १८८७ चा डॉझ कायदा (आदिवासींची सामाईक जमीन तुकडे करून वाटणारा) आला तेव्हा आदिवासींकडे १३.८ कोटी एकर उरली होती, ती १९३४ पर्यंत ४.८ कोटीवर आली. तुमच्या लेकीच्या बाणाच्या खाली हे पण लिहा.

कापूसकोंड्या
लिहितो ताई. तुमचं बरोबर आहे, मी "वाटली" म्हणून पुढे निघून गेलो.

कऱ्हाकाठी
मला दक्षिणेबद्दल वाचायचंय. गुलामी संपली, १८६५ च्या डिसेंबरात तेरावी घटनादुरुस्ती झाली, मग ४० लाख मोकळी झालेली माणसं उत्तरेच्या कारखान्यात का नाही गेली? तिकडे तर हात कमी पडत होते ना? आपल्याकडे दुष्काळ पडला की लोक मुंबईच्या गिरणीत जायचे, तसं तिकडे का नाही?

कापूसकोंड्या
@कऱ्हाकाठी, हाच तो प्रश्न, आणि याच्यावर मी तीन रात्री घातल्यात त्यामुळे प्रतिसाद लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी त्यांना जमीन मिळणार होती. १८६५ च्या जानेवारीत उत्तरेच्या जनरल शर्मनने हुकूम काढला की किनाऱ्यालगतची मळेवाल्यांची जमीन मोकळ्या झालेल्या कुटुंबांना चाळीस एकरापर्यंत द्यायची. चाळीस एकर आणि एक खेचर हे शब्द तिथूनच आले. हजारो लोक बसले पण त्या जमिनीवर. एप्रिलमधे लिंकनचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाला आणि त्याने जुन्या मालकांना माफी देऊन बहुतेक जमीन परत केली. म्हणजे आता परिस्थिती काय, मालकाकडे जमीन आहे पण मजुरीला पैसा नाही कारण दक्षिणेचं चलन रद्दी झालेलं, आणि मोकळ्या माणसाकडे हात आहेत पण बाकी काही नाही. त्यातून निघाली बटाई. अर्धं पीक तुझं, अर्धं माझं. आपल्याला नवीन सांगायची गरज नाही.

पण मारलं ते बटाईने नाही, उधारीने. चौरस्त्यावर एक दुकानदार असायचा. तो वर्षभर मक्याचं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, कापड, बियाणं उधार द्यायचा आणि उभं पीक, कधीकधी न पेरलेलं पीक, गहाण लिहून घ्यायचा. दुकानात दोन भाव. रोखीचा एक आणि उधारीचा एक, उधारीचा खूपच चढा, आणि रोख कोणाकडेच नसायची. वर दुकानदाराची अट की कापूसच लाव, कारण कापूस विकला जातो, मका तू खाऊन टाकशील. मग मका पण त्याच्याकडूनच विकत. डिसेंबरात हिशेब व्हायचा, वही मालकाकडे, आणि हिशेबाच्या शेवटी तूच त्याला देणं लागतोस. सगळ्यांनी कापूसच लावल्यामुळे भाव पडत गेला. युद्ध संपलं तेव्हा पौंडाला ३० सेंटच्या वर होता, १८९० च्या दशकात ५-६ सेंटपर्यंत आला. भाव पडला की देणं फेडायला आणखी कापूस लाव. आणि यात नुसते काळेच नाही, हळूहळू गरीब गोरे शेतकरीही लाखांनी अडकले.

आता गाव सोडून जायचं म्हटलं तर? युद्ध संपल्या संपल्या दक्षिणेतल्या राज्यांनी जे कायदे केले त्यात बेकार फिरताना सापडला की भटका म्हणून पकड, दंड कर, दंड भरता आला नाही की त्याची मजुरी लिलावात काढ. ते कायदे गेले तरी प्रकार राहिला, कैदी भाड्याने द्यायचे, खाणीत, रेल्वेच्या कामावर. अलाबामातलं बर्मिंगहॅम हे १८७१ ला वसवलेलं लोखंडाचं गाव, दक्षिणेचा नवा उद्योग म्हणून मिरवायचे, त्याच्या भोवतीच्या कोळशाच्या खाणीत असे भाड्याचे कैदी राबत होते.

आणि दुसरं कारण उत्तरेचं. कारखान्याला हात लागले ते दक्षिणेतून घ्यायची गरजच पडली नाही, ते बोटीने आले. १८७० ते १९०० मधे जवळजवळ १ कोटी २० लाख माणसं आली, जर्मन, आयरिश, स्वीडिश, मग पोलिश, इटालियन. त्यातले कितीतरी कोण होते? शेतकरी! स्वस्त अमेरिकन गहू युरोपात पोचला, तिकडचा भाव पडला, तिकडचा लहान शेतकरी मोडला आणि तोच माणूस बोटीत बसून पिट्सबर्गच्या भट्टीपुढे उभा राहिला. म्हणून मी लेकीला म्हटलं, बाण काढायचाच तर तो अटलांटिकवरून काढ. शेती सोडली ती आधी सिसिलीत आणि पोलंडमधे. अमेरिकन दक्षिणेतला काळा शेतकरी मोठ्या संख्येने उत्तरेला निघाला तो पहिलं महायुद्ध लागून बोटी बंद झाल्यावर, १९१५-१६ पासून. म्हणजे मुक्तीनंतर पन्नास वर्षांनी.

तिरकस_वाणी
चहा संपला, दुसरा टाकला. दंडवत घ्या.

कऱ्हाकाठी
वाचून गप्प झालो. आमच्याकडचं, पुणे जिल्ह्यातलं सुपे, १२ मे १८७५. सावकारांची घरं-दुकानं गाठून लोकांनी कर्जखतं जाळली. माणसांना फार हात लावला नाही, कागद जाळले. त्याची मुळं शोधायला सरकारने कमिशन नेमलं आणि १८७९ ला शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. त्यात एक कारण हेच होतं ना, अमेरिकेच्या लढाईत कापसाचा भाव चढला, सावकारांनी सढळ हाताने उधार दिलं, सरकारने पण महसूल वाढवला, आणि मग भाव बसला पण कर्ज बसलं नाही. म्हणजे मिसिसिपीत आणि भीमथडीत एकाच दशकात एकच नाटक चालू होतं म्हणा की.

वऱ्हाडी ठेचा
आता बोलतो मी, कारण कापूसकोंड्या भाऊ खामगावचा असून खामगाव लपवून राहिला. अमेरिकेत बंदुका चालल्या अन पैसा पडला आमच्या वऱ्हाडात. युद्धाआधी इंग्लंडच्या गिरण्यांतला पाचातला चार भाग कापूस अमेरिकेचा. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली अन लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, मग साहेबाला वऱ्हाड, खानदेश, गुजरात आठवले. आमचा आजा सांगे की त्या सालांत लोकांनी बैलगाडीच्या चाकाला चांदीच्या धावा ठोकल्या होत्या. खरं-खोटं देव जाणे, पण असं सांगणारे आजे वऱ्हाडात घरोघर आहेत. अन गंमत म्हणजे लँकेशायरचे मजूर आपल्या कापसाला शिव्या द्यायचे, धागा आखूड, कचरा फार, सारखा तुटे. हिंदुस्थानातला सगळा कापूस त्यांच्यासाठी "सुरत"च, मग तो अकोल्याचा का असेना.

लढाई संपली, भाव आपटला, पण रेल्वे आलीच. खामगावचा फाटा जलंबहून निघाला तो १८७० मधे, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता उद्घाटनाले. कापसासाठी रेल्वे, माणसासाठी नाही. जिनिंग-प्रेसिंग निघाले, रुईच्या गाठी बांधून थेट मुंबईच्या बंदरात. कापड काही खामगावात विणलं नाही कोणी त्या काळात.

गिरगावचा बाब्या
मुंबईचा अध्याय मी घेतो. १८६१ ते ६५ मधे शहरात एवढा पैसा आला की ठेवायला जागा नाही, मग रोज नवीन बँक, नवीन कंपनी, समुद्रात भराव टाकायच्या कंपन्या, त्यात बॅक बे रिक्लेमेशन सगळ्यात गाजलेली. कापसाचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद ज्याच्याकडे बघून हसले त्याला कर्ज मिळायचं म्हणतात. एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली ती बातमी पोचली, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ च्या वायद्याच्या दिवशी अख्खी मुंबई दिवाळखोर. बँक ऑफ बॉम्बे सुद्धा बुडाली. प्रेमचंदशेठनी तेजीच्या काळात दिलेल्या देणगीतला राजाबाई टॉवर तेवढा उभा आहे. पण सगळंच पाण्यात गेलं असं नाही, गिरण्या वाढत गेल्या, आणि कापसाच्या मुलखात गिरणी काढायची असं डोकं जमशेटजी टाटांनी लढवलं, नागपूरची एम्प्रेस मिल, १ जानेवारी १८७७.

शंका_येते_बुवा
म्हणजे अमेरिकेच्या उत्तरेला जकातीची भिंत बांधता आली, आपल्याला नाही. आपल्याकडची जकात लँकेशायरच्या सोयीने ठरायची. हा फरक लिहिला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की वऱ्हाडी माणूस आळशी होता.

वऱ्हाडी ठेचा
+१००. अन आळशी कोणाले म्हणता बे! 😄

पाटील_प्रश्न_विचारतात
मग आता आपल्या सोयाबीनच्या भावाचं काय? सरकारने...

तिरकस_वाणी
पाटील, धाग्याचं काश्मीर करू नका. त्यावर दर आठवड्याला एक धागा असतोच.

एरीकाठची
नाही पण पाटलांचा प्रश्न अगदीच परका नाहीये. भावासाठी भांडणारा शेतकरी अमेरिकेत पण होता. १८६७ ला ग्रेंज नावाची शेतकऱ्यांची संघटना निघाली, आणि पुढे ती रेल्वे आणि गोदामवाले लुटतात म्हणून भांडायला लागली. इलिनॉय राज्याने गोदामाच्या भाड्याला कमाल मर्यादा घातली, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १८७७ ला राज्य जिंकलं. पैसा सोन्याला बांधलेला, त्यामुळे भाव सतत उतरते आणि कर्ज मात्र तेवढंच, म्हणजे खरं तर वाढतंच. गव्हाचा भाव १८९० च्या दशकात बुशेलला (साधारण २७ किलो) अर्ध्या डॉलरपर्यंत घसरला. १८९२ ला ओमाहाला पॉप्युलिस्ट पक्षाचं अधिवेशन, आणि १८९६ ला डेमोक्रॅट पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ब्रायन शिकागोत उभा राहून म्हणाला की मानवजातीला सोन्याच्या क्रुसावर चढवू नका. निवडणूक हरला बिचारा. शेतं ५७ लाख असून हरला, हे मला नेहमी खटकतं.

कापूसकोंड्या
कारण शहरातला कामगार त्याच्याबरोबर आला नाही. त्याला स्वस्त भाकरी हवी होती, महाग गहू नको होता. दोघेही त्याच रेल्वेच्या नावाने बोटं मोडत होते तरी. १८७३ ला जे कुक नावाच्या बँकवाल्याची बँक बुडून मंदी आली, १८७७ ला पगारकपातीवरून देशभर रेल्वेचा संप झाला, फौज बोलावली. १८८६ चं तर शिकागोचंच. त्या मॅकॉर्मिकच्या कापणीयंत्राच्या कारखान्यापुढे ३ मेला पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळ्या घातल्या, दुसऱ्या दिवशी त्याच्या निषेधाला हेमार्केटच्या चौकात सभा, कोणीतरी बाँब टाकला, आणि पुढच्या वर्षी चौघांना फाशी. मागणी काय तर आठ तास काम. आपण १ मेला महाराष्ट्र दिन म्हणून शाळेत झेंडावंदन करायचो आणि सोबत कामगार दिन पण लिहिलेला असायचा फळ्यावर, तो कामगार दिन इथला. गंमत म्हणजे इथे त्या दिवशी सुट्टी नसते.

गिरगावचा बाब्या
आमच्या गिरणगावात असायची मात्र, लाल बावटा घेऊन मोर्चा निघायचा.

कऱ्हाकाठी
अजून एक दुवा राहिला. महात्मा फुल्यांची गुलामगिरी १८७३ ची, आणि अर्पणपत्रिका आहे अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त केलं म्हणून. पुण्यात बसून जोतीराव तिकडच्या यादवीकडे कापसाच्या भावाच्या नजरेने बघत नव्हते, एवढंच सांगायचंय.

कापूसकोंड्या
हे मी विसरलो कसं! धन्यवाद.

अपडेट: लेकीने बाण खोडला. आता तिने नकाशा काढलाय, त्यात शिकागो, पिट्सबर्ग, मिसिसिपी, पोलंड, आणि कोपऱ्यात खामगाव. बाईंनी विचारलं हे काय आहे, तर म्हणाली माझ्या बाबांचं गाव, तुमच्या युद्धामुळे तिथे ट्रेन आली. बाईंनी फोटो मागितलाय स्टेशनचा. @वऱ्हाडी ठेचा, भाऊ तुम्ही अजून तिकडेच ना?

वऱ्हाडी ठेचा
हो न. उद्या सकाळी दुधाले जातो तेव्हा काढून टाकतो. पाऊस नसला तर.